सोनेरी टॅमरिन आणि तुटलेल्या रानाचे जोडकाम

इ. स. १५०० च्या मार्च महिन्यात पेद्रो आल्वारिश काब्राल हा पोर्तुगीज दर्यावर्दी तेरा जहाजे घेऊन लिस्बनहून कालिकतकडे निघाला. वाटेत त्याचा ताफा अटलांटिक महासागरात बराच पश्चिमेला गेला आणि एप्रिलमध्ये एका अनोळखी किनाऱ्याला लागला. तो किनारा ब्राझीलचा होता. काही दिवस तेथे थांबून काब्राल पुढे निघाला आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कालिकतला पोहोचला. ब्राझील आणि आपला पश्चिम किनारा अशा रीतीने एकाच सफरीने जोडले गेले. पुढे याच सागरी वाटेने काजू आणि अननस आपल्याकडे आले. ही दोन्ही नावेसुद्धा मूळची तिकडच्या तुपी भाषेतली, पोर्तुगीजांच्या तोंडून मराठीत आलेली.

काब्रालला जे दिसले ते होते अटलांटिक जंगल. किनाऱ्यालगत दक्षिणोत्तर पसरलेल्या या अरण्याने बारा लाख चौरस किलोमीटरहून अधिक प्रदेश व्यापलेला होता, म्हणजे आजच्या महाराष्ट्राच्या सुमारे चौपट. आज त्यातले जेमतेम आठवा हिस्सा जंगल उरले आहे आणि तेही हजारो लहानमोठ्या तुकड्यांत. त्या तुकड्यांत राहणाऱ्या एका छोट्या माकडाची आणि ते तुकडे पुन्हा जोडू पाहणाऱ्या माणसांची हकिकत आपण येथे पाहणार आहोत. वन्यजीवांचे संचारमार्ग, ज्यांना कॉरिडॉर म्हणतात, ते का हवेत, कसे तयार होतात आणि त्यांतून कोणते धोके संभवतात, हे समजून घेण्यासाठी याहून चांगले उदाहरण आम्हाला तरी माहीत नाही.

रान कसे तुटले?

या जंगलावर पहिला घाव पडला तो रंगासाठी. आपल्याकडे पतंग नावाचे झाड आहे. त्याच्या लाकडापासून तांबडा रंग मिळतो आणि तो मध्ययुगात युरोपात जात असे. त्याच कुळातले, तसाच रंग देणारे झाड पोर्तुगीजांना या किनाऱ्यावर मुबलक सापडले. त्याच्या ‘ब्राझील’ या नावावरून देशालाच नाव पडले! लाकडामागून ऊस आला, उसामागून कॉफी आली आणि कॉफीने जमिनीचा कस संपल्यावर गुरांची कुरणे आली. विसाव्या शतकात शहरे, रस्ते आणि धरणे यांची भर पडली. रिओ द जानेरो आणि साओ पाउलो ही दोन्ही महानगरे याच जंगलाच्या जागी उभी आहेत.

जंगल एका बाजूने सरळ मागे हटत गेले असते, तर गोष्ट वेगळी झाली असती. तसे झाले नाही. सखल आणि सुपीक जमिनी आधी साफ झाल्या. टेकड्यांचे माथे, ओढ्यांचे काठ आणि जमीनदारांनी राखलेले कोपरे तेवढे मागे राहिले. मधल्या कुरणात आफ्रिकेतून आणलेले दाट गवत माजले. त्या गवतात जंगली झाडाचे बी रुजले तरी रोप वर येत नाही. त्यामुळे माणसाने हात आखडता घेतल्यावरही तुकडे आपोआप जुळून येईनात.

सोनेरी टॅमरिनचे घर नेमके याच सखल भागात, रिओ द जानेरो राज्याच्या किनारी पट्ट्यात आहे. जगात अन्यत्र ते कोठेही नैसर्गिकरीत्या आढळत नाही. पोर्तुगीज भाषेत त्याला मिको-लेआओ-दोरादो, म्हणजे सोनेरी सिंह-माकड, असे म्हणतात. वजन जेमतेम सहाशे ग्रॅम, अंगावर तांबूस सोनेरी केस आणि चेहऱ्याभोवती सिंहासारखी आयाळ. लिनीयसने १७६६ साली त्याला शास्त्रीय नाव दिले. हे प्राणी कुटुंबाने राहतात. मादीला बहुधा जुळी होतात आणि पिलांना पाठीवर वागवण्याचे काम बाप व मोठी भावंडे करतात. फळे, कीटक, लहान सरडे हा त्यांचा आहार. लांब बोटांनी ते झाडाच्या सालीखालचे किडे उकरून काढतात आणि रात्री झाडाच्या ढोलीत झोपतात. एका कुटुंबाला साधारण चाळीस-पन्नास हेक्टर जंगल लागते. मोकळे रुंद कुरण ओलांडायला ते सहसा धजत नाहीत. कारण उघड्यावर ससाणा किंवा कुत्रा गाठण्याची भीती असते.

सुमारे दोनशे

या माकडाचे देखणेपणच त्याच्या जिवावर उठले. १९६० च्या दशकापर्यंत पाळण्यासाठी आणि प्राणिसंग्रहालयांसाठी त्यांची शेकड्यांनी निर्यात होत असे. ब्राझीलमधील प्राणिशास्त्रज्ञ आदेल्मार कोइंब्रा-फिल्यो यांनी त्या काळात उरलेली जंगले पायी धुंडाळली आणि हा प्राणी नामशेष होण्याच्या मार्गावर असल्याचा इशारा दिला. १९६७ साली ब्राझीलमध्ये वन्यप्राण्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. १९७२ मध्ये वॉशिंग्टन येथे याच प्राण्यांच्या भवितव्यावर एक परिषद भरली आणि १९७४ मध्ये रिओपासून सुमारे शंभर किलोमीटरवर पोसो दास आंतास हे जैविक राखीव क्षेत्र जाहीर झाले. ब्राझीलमधले या प्रकारचे ते पहिलेच. नावाचा अर्थ ‘टापिरांचा डोह’. त्या सुमारास रानात उरलेल्या सोनेरी टॅमरिनांची संख्या अवघी दोनशेच्या आसपास असावी, असा अंदाज होता.

प्राणिसंग्रहालयांतली स्थितीही बिकट होती. माकडे जगत, पण पिले वाढत नसत. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय प्राणिसंग्रहालयातील डेव्रा क्लायमन यांनी यामागची कारणे शोधली. नुसत्या फळांवर या प्राण्याचे भागत नव्हते, त्याला प्राणिज प्रथिने हवी होती. एका पिंजऱ्यात दोन प्रौढ माद्या नांदत नव्हत्या. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, धाकट्या भावंडांना पाठीवर वागवण्याचा अनुभव न मिळालेली पिले मोठेपणी चांगले आईबाप होत नव्हती. आहार बदलला, कुटुंबे एकत्र ठेवली आणि संख्या भराभर वाढू लागली.

१९८४ मध्ये पिंजऱ्यात जन्मलेली पहिली तुकडी ब्राझीलच्या रानात सोडण्यात आली. त्यांतली बहुतेक माकडे टिकली नाहीत. स्थिर दांड्यांवर वाढलेल्या या माकडांना लवलवणाऱ्या फांद्यांवरून चालता येईना, दाट पानांमागचे अन्न शोधता येईना. बेंजामिन बेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सोडण्यापूर्वी शिकवणी देऊन पाहिली, पण तिचा फारसा उपयोग झाला नाही. सोडल्यानंतर काही काळ अन्न आणि झोपण्यासाठी पेट्या पुरवणे मात्र उपयोगी पडले. मुख्य म्हणजे या माकडांची रानात जन्मलेली पिले आपल्या आईबापांपेक्षा पुष्कळच तरबेज निघाली. शाळेपेक्षा रानच मोठा शिक्षक ठरले, असे म्हणायला हरकत नाही.

आधी प्रश्न, मग शिकवणे

आता प्रश्न आला तो जागेचा. राखीव क्षेत्र सुमारे पाच हजार हेक्टरांचे, त्यातही सगळीकडे जंगल नव्हते. उरलेले जंगल होते ते खाजगी मालकीच्या शेतांवर आणि गुरांच्या वाड्यांवर. मालकांच्या आणि गावकऱ्यांच्या संमतीशिवाय पुढचे पाऊल टाकता येणार नव्हते.

येथे या प्रकल्पाने जे केले ते आपल्या शिक्षकवाचकांनी विशेष लक्षात घ्यावे. १९८३ मध्ये लू अ‍ॅन डीट्झ, एलिझाबेथ नागागाता आणि त्यांच्या स्थानिक सहकाऱ्यांनी निसर्गशिक्षणाचा कार्यक्रम आखायला घेतला. भित्तिपत्रके आणि भाषणे यांनी सुरुवात न करता त्यांनी ती पाहणीने केली. परिसरातील प्रौढांना आणि विद्यार्थ्यांना प्रश्नावली दिली. हे चित्र कोणत्या प्राण्याचे? तो कोठे राहतो? त्याला काय धोका आहे? जंगल असण्याचा तुम्हाला काय उपयोग? आपल्या अंगणाशेजारचा हा प्राणी जगात दुसरीकडे नाही, याची अनेकांना कल्पनाच नव्हती. लोकांना काय माहीत आहे आणि काय नाही, ते कोठून माहिती मिळवतात, हे कळल्यावर मग शाळांतील कार्यक्रम, राखीव क्षेत्रातील सहली, शिक्षकांची प्रशिक्षणे, रेडिओ आणि दूरचित्रवाणी यांची योजना झाली. या कामासाठी स्थानिक तरुणांनाच तयार केले. दोन वर्षांनी, १९८५ मध्ये, पुन्हा पाहणी करून काय बदलले आणि काय नाही ते तपासले.

ज्ञान वाढल्याचे आकडे कागदावर दिसलेच, पण खरी परीक्षा व्यवहारात होती. काही लोकांनी बेकायदा पाळलेली माकडे आपणहून आणून दिली. पुढच्या काळात एकामागून एक जमीनमालक आपल्या रानात माकडे सोडू द्यायला तयार झाले आणि ते रान न तोडण्याची हमी त्यांनी दिली. १९९० साली ब्राझील सरकारने खाजगी राखीव क्षेत्रांची तरतूद केली. तीत मालकी मालकाकडेच राहते. मात्र त्या जमिनीवरील जंगल कायमचे राखले जाते आणि तिच्यावरचा कर माफ होतो. या खोऱ्यातील अनेक मालकांनी ही वाट पत्करली. १९९२ मध्ये सोनेरी टॅमरिनच्या नावानेच एक स्थानिक संस्था स्थापन झाली आणि परदेशी तज्ज्ञांनी सुरू केलेले काम हळूहळू ब्राझीलच्या माणसांच्या हाती आले.

बेटांचा सिद्धान्त

याच सुमारास शास्त्रज्ञांच्या वर्तुळात एक वाद रंगला होता. रॉबर्ट मॅकार्थर आणि एडवर्ड विल्सन यांनी १९६७ मध्ये बेटांवरील सजीवांविषयी एक सिद्धान्त मांडला. बेट जितके लहान आणि मुख्य भूमीपासून जितके दूर, तितक्या त्यावर जाती कमी. कारण लहान बेटावर जाती नष्ट लवकर होतात आणि दूरच्या बेटावर नव्या उशिरा पोहोचतात. शेतांनी वेढलेला जंगलाचा तुकडा हेही एक बेटच नाही का? मग १९७५ मध्ये जॅरेड डायमंड यांनी असे सुचवले की राखीव क्षेत्रे शक्यतो मोठी असावीत, जवळजवळ असावीत आणि जंगलाच्या पट्ट्यांनी जोडलेली असावीत.

संचारमार्गांची कल्पना अशी पुढे आली. पण १९८७ मध्ये डॅनियल सिम्बरलॉफ आणि जेम्स कॉक्स यांनी तिला आक्षेप घेतला. जोडलेल्या वाटेवरून प्राणी जातील हे खरे, परंतु त्याच वाटेने वणवा जाईल, आगंतुक जाती जातील आणि रोगही जातील. शिवाय त्या पट्ट्यांवर होणारा खर्च अधिक जंगल विकत घेण्यासाठी का वापरू नये? आक्षेप चांगल्या शंकांसारखा होता. त्याचे उत्तर मतांनी नव्हे, अनुभवाने मिळायचे होते.

ब्राझीलमध्ये तो अनुभव जमा होत होता. १९९० ते १९९२ या काळात सेसिलिया किएरुल्फ यांनी टॅमरिनांच्या उरल्यासुरल्या कुटुंबांचा शोध घेतला. इवल्याशा एकाकी तुकड्यांत अडकलेली बारा कुटुंबे त्यांना सापडली. अशा कुटुंबातील पिलू वयात आले की त्याला जोडीदार शोधायला जाण्यासाठी दुसरे रान नसते. मग नात्यातल्या नात्यात संकर होतो आणि पिढ्या दुबळ्या होत जातात. यांतील सहा कुटुंबे १९९४ ते १९९७ या काळात पकडून उनिआओ नावाच्या मोठ्या, पण टॅमरिन नसलेल्या जंगलात हलवण्यात आली. ते जंगल रेल्वेच्या मालकीचे होते. तेथे ही कुटुंबे चांगली रुजली आणि १९९८ मध्ये उनिआओसुद्धा राखीव क्षेत्र झाले.

मात्र माकडे उचलून हलवणे हा कायमचा उपाय नव्हे. गणिती प्रतिमाने वापरून शास्त्रज्ञांनी हिशेब केला. हा प्राणी दीर्घकाळ स्वतःच्या बळावर टिकायचा, तर किमान दोन हजार टॅमरिन आणि पंचवीस हजार हेक्टर संरक्षित, जोडलेले जंगल हवे. हे २०२५ पर्यंत साधायचे असे ठरले.

कुरणातून जंगल

साओ जोआओ नदीच्या खोऱ्यात तुकडे जोडण्याचे काम सुरू झाले. नकाशावर रेघ ओढणे सोपे असते. जमिनीवर ती रेघ कोणाच्या तरी कुरणातून जाते. त्यासाठी ब्राझीलच्या वनकायद्याचा आधार मिळाला. या कायद्यानुसार अटलांटिक जंगलाच्या प्रदेशात प्रत्येक जमीनमालकाने वीस टक्के जमीन जंगलाखाली ठेवायची असते. ओढ्या-नद्यांच्या काठचा पट्टाही राखायचा असतो. हा राखायचा भाग दोन तुकड्यांच्या मधोमध येईल अशी आखणी केली, तर मालकाचे कायद्याचे पालन होते आणि माकडाला वाट मिळते.

कामाची पद्धत कष्टाची आहे. प्रथम कुंपण घालून गुरे बाहेर ठेवायची. गवत काढायचे. मग स्थानिक झाडांच्या अनेक जातींची रोपे मिसळून लावायची. काही उन्हात झपाट्याने वाढून सावली धरणारी, तर काही त्या सावलीत सावकाश वाढणारी. नंतर गवत पुन्हा डोके वर काढू नये म्हणून सलग काही वर्षे निंदणी करायची. सावली दाटली की गवत मरते आणि पक्षी, वटवाघळे व स्वतः टॅमरिन आणखी बिया आणून टाकू लागतात. रोपे तयार करण्यासाठी स्थानिक रोपवाटिका उभ्या राहिल्या. राखीव क्षेत्राच्या शेजारी भूमिहीनांच्या वसाहती झाल्या होत्या. तेथील कुटुंबांना या कामातून मिळकतीचे साधन मिळाले. जंगलाचा शेजारी हा जंगलाचा शत्रूच असतो, हा समज त्यामुळे सैल झाला.

याचे फळ दिसू लागले. आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या यादीत २००३ साली सोनेरी टॅमरिन ‘अतिशय संकटग्रस्त’ या गटातून ‘संकटग्रस्त’ या गटात आला. त्याआधी एक वर्ष ब्राझीलच्या वीस रेआलच्या नोटेवर त्याचे चित्र झळकले. खोऱ्यातून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गाचे रुंदीकरण झाले तेव्हा या वाटा पुन्हा तुटण्याची वेळ आली. परंतु २०२० मध्ये त्या महामार्गावर केवळ प्राण्यांसाठी एक पूल बांधून पूर्ण झाला आणि त्याच्यावर माती टाकून झाडे लावण्यात आली. आपल्याकडे पेंच व्याघ्रप्रकल्पाजवळ ४४ क्रमांकाच्या राष्ट्रीय महामार्गाखालून प्राण्यांसाठी ठेवलेले भुयारी मार्ग याच विचाराचे आहेत.

वाटेवरून आलेला ताप

२०१४ च्या गणनेत सुमारे ३,७०० टॅमरिन आढळले. उद्दिष्ट ओलांडले होते! पण २०१६ पासून ब्राझीलच्या आग्नेय भागात पीतज्वराची मोठी साथ पसरली. हा रोग विषाणूचा. रानात तो झाडांच्या शेंड्याशी वावरणाऱ्या डासांमार्फत माकडांमध्ये फिरतो. २०१८ च्या गणनेत संख्या सुमारे २,५०० वर आली, म्हणजे जवळपास एक तृतीयांश माकडे गेली. पोसो दास आंतासमध्ये तर फारच थोडी उरली.

आकड्यांचे विश्लेषण झाले तेव्हा एक अस्वस्थ करणारी गोष्ट पुढे आली. जी जंगले मोठी, कमी बिघडलेली आणि इतर जंगलांशी चांगली जोडलेली होती, तेथेच अधिक माकडे मेली होती. अशी जंगले त्या डासांनाही मानवत असावीत. सिम्बरलॉफ आणि कॉक्स यांची तीस वर्षांपूर्वीची शंका अशा रीतीने समोर उभी राहिली.

मग जोडकाम चुकले काय? आम्हाला तसे वाटत नाही. एकाकी तुकड्यातील कुटुंब साथीतून कदाचित वाचते. पण रक्ताच्या नात्यातील संकर, वणवा किंवा एखादा दुष्काळ त्याला संपवतोच आणि ती जागा भरून काढायला कोणी येत नाही. जोडलेल्या जंगलात साथ अधिक घात करते, परंतु साथ ओसरल्यावर शेजारून माकडे पुन्हा येऊ शकतात. संचारमार्ग फायदा आणि धोका दोन्ही वाहून नेतो. म्हणून तो बांधून थांबता येत नाही, त्याची देखरेख चालू ठेवावी लागते.

ब्राझीलच्या शास्त्रज्ञांनी तेच केले. पीतज्वरावर १९३७ मध्ये मॅक्स थायलर यांनी तयार केलेली लस माणसांना आजही दिली जाते. त्या कामासाठी त्यांना १९५१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. तीच लस अल्प मात्रेत बंदिस्त टॅमरिनांना देऊन ती सुरक्षित आणि परिणामकारक असल्याची खात्री करण्यात आली. २०२१ पासून रानातील माकडांना केळ्याच्या आमिषाने सापळ्यात पकडून, लस टोचून पुन्हा त्याच जागी सोडण्यात येऊ लागले. हे सापळे लावणारे हात स्थानिक माणसांचेच होते. २०२३ च्या गणनेत टॅमरिनांची संख्या सुमारे ४,८०० भरली.

साथीच्या काळात निसर्गशिक्षणाचीही परीक्षा झाली. माकडेच रोग पसरवतात अशा समजुतीने ब्राझीलमध्ये अनेक ठिकाणी लोकांनी माकडे मारली. वास्तविक रोग डास पसरवतो. मेलेले माकड हे साथ जवळ आल्याची आगाऊ सूचना देते आणि ती मिळाली तर माणसांचे लसीकरण वेळेवर करता येते. सिंधुदुर्गात २०१६ पासून माकडतापाने जे भय निर्माण केले, ते पाहिलेल्यांना हे वेगळे सांगायला नको. त्या रोगाचा विषाणू निराळा, त्याचा वाहक डास नसून गोचीड. पण मेलेले माकड दिसताच आरोग्य खात्याला कळवावे आणि जिवंत माकडाला दोष देऊ नये, हा धडा दोन्हीकडे सारखाच.

वर्गात काय करता येईल?

आपल्या शाळेच्या परिसराचा साधा नकाशा विद्यार्थ्यांकडून काढून घ्यावा. त्यात देवराई, ओढ्याकाठची झाडी, बांधावरचे वृक्ष, पडीक माळ आणि रस्ते दाखवावेत. मग विचारावे की एखादी खार जमिनीवर न उतरता येथून तेथे किती अंतर जाऊ शकेल? वाट कोठे तुटते? तेथे कोणाची जमीन आहे आणि त्याने झाडे लावायची, तर त्याला काय अडचण येईल? या शेवटच्या प्रश्नासाठी मुलांना त्या शेतकऱ्याशीच बोलावे लागेल. शक्य असल्यास वर्षाच्या सुरुवातीला दहा प्रश्नांची पाहणी करावी आणि वर्षअखेर तीच पुन्हा करावी.

साओ जोआओच्या खोऱ्यात अशाच प्रश्नावलीने सुरुवात झाली होती. १९८३ मध्ये तिची उत्तरे लिहिणारे विद्यार्थी आज पन्नाशीच्या घरात आहेत आणि त्यांच्या जिल्ह्यातील रान त्यांच्या लहानपणीपेक्षा अधिक जोडलेले आहे.